‘मुकी’ शिट्टी आणि मुधोळ कुत्री

बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, अथणीकडे मुधोळ जातीची शिकारी कुत्री पाळणाऱ्यांत एक समज पक्का आहे: माणसाला ऐकू न येणारी ‘मुकी’ शिट्टी फुंकली की कुत्रं आपसूक परततं. हे खरं नाही. अशी शिट्टी इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७६ मध्ये बनवली, तीही श्रवणशक्ती तपासायला. माणूस साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्रं ४५,००० च्या आसपास. म्हणजे आवाज त्याच्या कानी पडतो, इतकंच. अर्थ शिकवावा लागतो.

पिल्लू लहान असतानाच, भाकरी पुढ्यात ठेवताना तीन आखूड फुंका: ‘ये’. मग लांब दोरी बांधून अंगणात, नंतर मोकळ्या रानात. ‘थांब’साठी एक लांब फूक. खुणा रोज त्याच हव्यात, घरातल्या सगळ्यांच्या. माझ्या मते साधी, एकाच सुराची शिट्टी बरी. मुक्या शिट्टीचा सूर जुळवायचा स्क्रू हलला तर सूर बदलतो आणि आपल्याला कळतही नाही.

मुधोळ ही सावज नजरेनं हेरून त्यामागे धावणारी जात. ससा दिसला की शिकवलेलं कुत्रंही शिट्टी मानेलच असं नाही, म्हणून शिवारात दोरी सोडू नका. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सशाची शिकार गुन्हा आहे.