स्पर्धेच्या टायरवर ऑटोक्रॉसला ये-जा

हौशी ऑटोक्रॉस स्पर्धेसाठीचे मऊ रबराचे टायर घरूनच गाडीला चढवायचे, त्यांच्यावरच मैदान गाठायचे आणि संध्याकाळी त्यांच्यावरच घरी परतायचे, ही अमेरिकेतल्या हौशी मोटारस्पर्धकांमधली जुनी रीत आहे. कायद्याने तिला सहसा आडकाठी नसते. तरीही टायर बनवणाऱ्या काही कंपन्या स्पष्ट शब्दांत नको म्हणतात आणि अनुभवी स्पर्धक नवख्याला पहिला प्रश्न हवामानाचा विचारतात.

अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या पार्किंगच्या जागेत किंवा जुन्या धावपट्टीवर रबरी शंकू मांडून आखलेला वळणावळणांचा मार्ग. एका वेळी एकच गाडी पळते आणि तिची वेळ मोजली जाते. धाव साधारण मिनिटभराची असते आणि वेग बहुतेक दुसऱ्या गिअरपुरता, म्हणजे हायवेवर जेवढा चालतो तेवढाच राहतो. शंकू पाडला की वेळेत दोन सेकंदांची भर पडते. 1944 मध्ये स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ हा खेळ ‘सोलो’ या नावाने चालवतो. त्याची राष्ट्रीय स्पर्धा 2009 पासून नेब्रास्कातल्या लिंकन इथे, जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर भरत आली आहे. या खेळाचा सगळा आधारच असा, की रोज कामावर नेतो तीच गाडी रविवारी मैदानात उतरवायची. टायरचा प्रश्न इथूनच सुरू होतो. गाडी तीच राहते, पण मैदानाला लागणारा टायर आणि रस्त्याला लागणारा टायर यांचे गुण एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

स्पर्धेच्या टायरचे रबर मऊ आणि चिकट असते. गरम झाले की ते डांबराला धरून ठेवते, म्हणून वळणावर गाडी जास्त वेगाने फिरते. मिनिटभराच्या धावेत टायर तापायला वेळ मिळत नाही. त्यामुळे ऑटोक्रॉससाठीचे मिश्रण मुद्दामच लवकर तापणारे बनवतात, आणि एकाच गाडीवर दोन चालक पाठोपाठ धावले तर टायर फार तापू नयेत म्हणून त्यांच्यावर फवारणीच्या पंपाने पाणी मारावे लागते. पाणी बाहेर काढणाऱ्या खाचांची नक्षी नावापुरतीच असते. हूझियर कंपनीच्या ए6 आणि ए7 या प्रसिद्ध टायरांवर टायरच्या घेराने फिरणाऱ्या दोन सरळ खाचांपलीकडे काही नाही. साध्या मोटारीच्या नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते, तर या जातीच्या टायरची नवेपणीच 3-4 मिलिमीटर भरते.

मग असा टायर रस्त्यावर चालतो तरी कसा? त्याच्या बाजूवर ‘डीओटी’ ही अक्षरे असतात, म्हणून. ही अमेरिकेच्या परिवहन खात्याची अक्षरे खरी, पण ती उमटवण्यापूर्वी खाते टायर तपासून मंजुरी देत नाही. आपला टायर सुरक्षा मानकात बसतो, असे कंपनी स्वतःच जाहीर करते. मानकात मजबुती, टिकाऊपणा, वेग सोसण्याची ताकद, रिमवरून न निसटणे अशा चाचण्या आहेत; ओल्या रस्त्यावरच्या पकडीची चाचणी त्यात नाही. ही अक्षरे पाहून ‘रस्त्यावर सुरक्षित’ असा अर्थ काढणारे फसतात. हूझियरने तर आपले डीओटी खुणेचे टायरही सार्वजनिक रस्त्यावर चालवणे असुरक्षित असल्याचे लिहून ठेवले आहे. कायद्याला चालणे आणि बनवणाऱ्याने हमी देणे यांत हे अंतर आहे. ते ओळखून निर्णय घेण्याची जबाबदारी शेवटी चालकावर येते.

दुसरी खूण झिजेच्या अंकाची. अमेरिकी सरकारच्या प्रतवारी पद्धतीत मोटारीच्या बहुतेक टायरांना झीज, ओली पकड आणि तापमान अशा तीन श्रेणी मिळतात. झिजेची चाचणी टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या सार्वजनिक रस्त्यांवर होते. 400 मैलांच्या फेरीवर गाड्यांचा तांडा एकूण 7,200 मैल, म्हणजे सुमारे 11,600 किलोमीटर धावतो आणि नमुन्याच्या टायरशी झिजेची तुलना होते. 100 हा पाया आहे. 200 अंकाचा टायर त्याच्या निम्म्या गतीने झिजावा. निव्वळ स्पर्धेच्या टायरवर 40 किंवा 100 असे अंक दिसतात, रोजच्या टायरवर 400-500. अंक मात्र कंपनीच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे 200 सारखे निघतील याची खात्री नाही. ओल्या पकडीची श्रेणीही पाण्याच्या पातळ थरावर सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेली असते. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगेल का, हे त्यातून कळत नाही.

खरा धोका याच तरंगण्याचा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. कोरड्या हायवेवर मऊ टायर उलट जास्तच धरतो. त्यामुळे ‘हा टायर साध्यापेक्षा चांगला’ अशी समजूत घट्ट बसते आणि पहिल्या जोरदार सरीत ती अंगावर येते. टायरखालचे पाणी बाहेर पडायला खाचांची वाट लागते. वाट पुरली नाही की पाणी पुढून पाचरीसारखे घुसते, टायर उचलला जातो आणि स्टीअरिंग हातात असूनही गाडी ऐकत नाही. नासाच्या संशोधकांनी 1963 मध्ये विमानांच्या टायरांवरून एक सूत्र मांडले: ताशी मैलांतला तरंगण्याचा वेग म्हणजे पीएसआयमधल्या (दर चौरस इंचावर पौंड) हवेच्या दाबाचे वर्गमूळ गुणिले 10.35. 32 पीएसआयला हा वेग ताशी 94 किलोमीटरच्या आसपास येतो. मैदानासाठी हवा 26 वर आणून तशीच घरी निघालेल्या माणसाचा हा वेग 85 वर घसरतो. सूत्र विमानाचे आहे, मोटारीला ते अंदाजापुरते घ्यायचे. पण त्यातली मुख्य अट मोटारीलाही लागू पडते: पाण्याचा थर नक्षीच्या खोलीपेक्षा जाड असला पाहिजे. 8 मिलिमीटरच्या नक्षीला ही अट क्वचितच पुरी होते. अर्धा झिजलेला स्पर्धेचा टायर दोन मिलिमीटर पाण्यावरही तरंगू शकतो. त्यातून हे टायर रुंद असतात, त्यामुळे त्यांना बाजूला सारायचे पाणीही जास्त. जुलैत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गोटा टायरची गाडी जपून हाकलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको.

थंडीचा त्रास त्यामानाने कमी बोलला जातो. पारा शून्याखाली गेला की हे रबर काचेसारखे ताठ होते, आणि अशा वेळी गाडी नुसती हलवली तरी नक्षीच्या भागाला तडे जाऊ शकतात. म्हणून हिवाळ्यात टायर घरात, उबेला ठेवतात. पंक्चरची भीतीही खरी आहे. रबराचा थर पातळ, त्यात चिकट, त्यामुळे रस्त्यावरची खडी, खिळे, पत्र्याचे तुकडे टायर उचलतच जातो.

इतके असूनही लोक हे करतात, आणि त्यांची कारणे साधी आहेत. दुसरा मार्ग म्हणजे रिमसकट चार टायर गाडीत घालून न्यायचे आणि मैदानावर बदलायचे. माझदा मियाटासारख्या दोन आसनी गाडीत चार चाके, जॅक, टॉर्क पाना, हेल्मेट आणि जेवणाचा डबा मावत नाही. काहीजण गाडीमागे चिमुकला ट्रेलर जोडून त्यावर टायर नेतात, आणि तशी ट्रेलरची रांग अनेक मैदानांच्या कडेला दिसते. पण ट्रेलरला पैसे लागतात, हुक बसवावा लागतो, घरी जागा लागते. पहाटे काळोखात पोहोचून चारी चाके बदलायची, दिवसभर धावायचे, इतरांच्या धावांच्या वेळी उन्हात शंकू उभे करायचे आणि दमून पुन्हा चार चाके बदलायची, हे प्रत्येकाला झेपत नाही. शिवाय घाईत बदललेल्या चाकाचे नट नीट आवळायचे राहून जाणे हा धोका टायरच्या धोक्याहून लहान नाही. म्हणून थोडे किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा पान्याने तपासायची शिस्त जुनी मंडळी आवर्जून शिकवतात. मैदान 15-20 किलोमीटरवर आणि आभाळ निरभ्र असेल तर स्पर्धेच्या टायरवर जाणाऱ्याला चूक ठरवणे कठीण आहे. दोनशे किलोमीटर हायवे आणि दुपारी वादळाचा अंदाज असेल तर ते समर्थन टिकत नाही.

पैशाचा हिशेब वेगळाच. स्पर्धेच्या टायरचे आयुष्य किलोमीटरमध्ये नव्हे, धावांमध्ये मोजतात. प्रत्येक तापण्या-निवण्यागणिक रबर कडक होत जाते आणि नक्षी शिल्लक असतानाच टायरची धार जाते. सरळ हायवेवर टायर फारसा तापत नाही, पण घासला जातोच. त्यातून ऑटोक्रॉसच्या गाडीची चाके वळणासाठी वरून आत झुकवलेली आणि समोरून किंचित फाकवलेली असतात. लांबच्या सरळ प्रवासात या फाकवणीमुळे टायरची आतली कड खरवडून निघते. वरवर पाहिले तर टायर धड दिसतो; आतल्या कडेला हात फिरवल्यावरच कळते.

या प्रश्नावर सर्वांत मोठा परिणाम नियमाने केला. 2013 पर्यंत ‘स्टॉक’ गटात, म्हणजे जवळजवळ कारखान्यातून आली तशीच गाडी चालवणाऱ्यांच्या गटात, स्पर्धेचे मऊ टायर चालत. गाडीला हात लावायचा नाही, पण टायर मात्र रस्त्यावर न पेलणारे, असा तो विसंगत प्रकार होता, आणि जिंकायचे तर टायरचा दुसरा संच घेणे भागच पडे. 2014 मध्ये त्या जागी ‘स्ट्रीट’ गट आला आणि टायरच्या झिजेच्या अंकाला खालची मर्यादा घातली गेली. लवकरच ती 200 वर स्थिरावली. त्यानंतर कंपन्यांची चढाओढ सुरू झाली ती 200 अंकातच जास्तीत जास्त पकड बसवण्याची. ब्रिजस्टोन आरई-71आर, योकोहामा ए052 हे टायर त्यातूनच नावारूपाला आले. त्यांना पुरेशी नक्षी असते, पावसात ते नवे असेपर्यंत बरे चालतात आणि त्यांच्यावर घरून जाणे आता सामान्य झाले आहे. हा बदल खेळाच्या मूळ वृत्तीला धरून झाला, यात शंका नाही. मात्र ‘200 आहे म्हणजे रस्त्याचाच’ हेही अर्धेच खरे. हे टायरही मऊ आहेत आणि हंगामाच्या शेवटी त्यांची नक्षी 3 मिलिमीटरवर आली की पाण्याचा वरचा हिशेब त्यांनाही लागू होतो. बहुतेक राज्यांत कायद्याची किमान मर्यादा सुमारे 1.6 मिलिमीटर आहे. ती पाळली म्हणून मुसळधार पावसात टायर पुरेल असे नाही.

परतीचा प्रवास जाण्यापेक्षा अवघड, असे जाणकार मानतात. सकाळी टायर ताजा, चालक ताजा आणि आभाळ पाहून निघालेला असतो. संध्याकाळी आठ-दहा धावांची झीज टायरवर, दिवसभराचे ऊन अंगावर आणि मैदानासाठी बदललेली हवा तशीच असते. म्हणून निघण्यापूर्वी हवा पुन्हा रस्त्याच्या दाबावर आणणे, चारी टायरांच्या आतल्या कडा विजेरीने पाहणे आणि पाऊस लागलाच तर थांबून सर ओसरू देणे, एवढे तरी करतातच. आयोजकांचा विमा मैदानापुरता असतो. फाटकाबाहेर गाडी आली की चालकाचा स्वतःचा.

इतर देशांत चित्र वेगळे आहे. ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस गवतावर किंवा मातीवर होते. अमेरिकी प्रकाराशी जुळणाऱ्या डांबरी खेळाला तिथे ‘ऑटोसोलो’ म्हणतात, आणि त्यात गाडी रस्त्यावर चालवायला कायदेशीर असावी लागते. भारतातही ऑटोक्रॉस म्हटले की बहुधा मातीचाच मार्ग डोळ्यांसमोर येतो. तिथे टायरला खोल, जाड नक्षी हवी असते. रस्त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 94 मोटारीच्या टायरला किमान 1.6 मिलिमीटर, दुचाकी-तिचाकीला 0.8 मिलिमीटर नक्षी मागतो.