डिजिटल इमेजमधलं बिंदू-ते-बिंदू अंतरमापन

कॅलिब्रेट केलेल्या डिजिटल इमेजवर माणसाने स्वतः दोन बिंदू निवडायचे, त्यांच्यामधलं अंतर आधी पिक्सेलमध्ये काढायचं आणि मग एका पिक्सेलला प्रत्यक्षात किती लांबी येते त्या आकड्याने गुणायचं, एवढीच ही पद्धत. गणित शाळेतल्या पायथागोरसचंच आहे. पेशी, एक्सरे, सोनोग्राफी, झाडांची वाढवलयं, गुन्ह्याच्या जागेचे फोटो, थोडक्यात जिथे वस्तूला पट्टी लावता येत नाही किंवा लावायची नसते तिथे सगळीकडे ही वापरतात. कडा आपोआप शोधणारं सॉफ्टवेअर आता भरपूर आहे, पण इथे फक्त हाताने क्लिक केलेल्या बिंदूंचाच विचार केलाय.

उगम

फोटोवरून माप काढायची सुरुवात नक्की कोणी केली यावर जुना वाद आहे. फ्रेंच लेखक सहसा लष्करी इंजिनिअर एमे लोसदाचं नाव घेतात, त्याने साधारण १८५० च्या दशकात नकाशे बनवायला फोटो वापरायला घेतले, त्याआधी तो कॅमेरा ल्युसिडाने (समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दाखवणारं, रेखाटायला मदत करणारं साधन) काढलेल्या रेखाटनांवर हेच करत होता. जर्मन परंपरेत मान जातो आल्ब्रेख्त मायडेनबाउअर या आर्किटेक्टकडे. १८५८ साली वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना तो वरून पडता पडता वाचला आणि तेव्हा त्याला भिंतीवर चढण्यापेक्षा फोटोवरच मापं घ्यावीत असं सुचलं अशी हकिकत सांगतात. फोटोग्रामेट्री (फोटोवरून माप काढायचं शास्त्र) हे नाव १८६७ साली त्याच्याच लेखासोबत छापून आलं आणि १८८५ मध्ये बर्लिनला त्याच्या पुढाकाराने इमारतींच्या मापन-फोटोंची सरकारी संस्था निघाली. दोघं आपापल्या वाटेने तिथे पोचले असं मानणं जास्त सयुक्तिक वाटतं.

तरी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, या दोघांचं काम मुख्यतः वेगवेगळ्या जागांवरून घेतलेल्या फोटोंमधल्या कोनांचं होतं, आणि आज स्क्रीनवर दोन क्लिक करून जे मोजतात त्याचं जवळचं नातं खरं तर आयपीस मायक्रोमीटरशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात बसवलेल्या मापाच्या खुणांशी लागतं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम गॅस्कॉइनने १६३० च्या दशकाच्या अखेरीस दुर्बिणीत मायक्रोमीटर बसवला, पुढे मायक्रोस्कोपच्या आयपीसमध्ये काचेवर कोरलेल्या खुणा आल्या, आणि त्या खुणांची किंमत माहीत असलेल्या पट्टीवरून ठरवायची ही रीत आजच्या कॅलिब्रेशनपेक्षा तत्त्वतः अजिबात वेगळी नाही. पॅरिस पोलिसातल्या आल्फाँस बर्तियाँने गुन्ह्याच्या जागेचे फोटो ठराविक उंचीवरून घेऊन त्यांच्या चौकटीवरच मापाच्या खुणा दिल्या, तोही याच घराण्यातला. फोटोप्लेटवर बिंदू धरून निर्देशांक वाचायची यंत्रं, म्हणजे कम्पॅरेटर, पण इथेच येतात, कार्ल पुलफ्रिखचा स्टिरिओकम्पॅरेटर (फोटोंची जोडी एकत्र बघून मोजणारा) १९०१ चा.

डिजिटल बाजूची सुरुवात बहुतेक जण १९५७ पासून धरतात, तेव्हा अमेरिकेत रसेल कर्शने आपल्या मुलाचा फोटो स्कॅन करून १७६ × १७६ पिक्सेलची इमेज बनवली. मधल्या काळात फोटो किंवा एक्सरे डिजिटायझर टॅब्लेटवर (टोचलेल्या बिंदूची जागा कॉम्प्युटरला कळवणाऱ्या पाटीवर) ठेवून त्यावर बिंदू टिपायचे. वेन रॅसबँडचं एनआयएच इमेज हे सॉफ्टवेअर (१९८७) आणि त्याचा वारसदार इमेजजे (१९९७) फुकट मिळाल्याने ही पद्धत सगळ्या लॅबमध्ये पसरली. इमेजजेमध्ये ‘सेट स्केल’ देऊन सरळ रेघ ओढली की झालं.

कॅलिब्रेशन

मायक्रोस्कोपसाठी स्टेज मायक्रोमीटर वापरतात, म्हणजे बहुधा १ मिमी लांबीची आणि १०० भाग केलेली, एक भाग १० मायक्रॉनचा, अशी कोरीव पट्टी असलेली स्लाइड. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी (वस्तूकडच्या भिंगासाठी) हे वेगळं करावं लागतं, आणि कॅमेऱ्याचं बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करून एक धरणं) बदललं किंवा नंतर इमेज लहान-मोठी करून सेव्ह केली की आधीचा आकडा बाद. फाइलमध्ये लिहिलेलं ‘७२ डीपीआय’ (इंचाला ७२ ठिपके) हे तर कॅलिब्रेशन नव्हेच, ती बहुतेक वेळा नुसती डिफॉल्ट नोंद असते, तरी लोक त्यावरून सेंटिमीटर काढतात.

मेडिकल इमेजमध्ये हा आकडा डायकॉम (मेडिकल इमेजचा ठरलेला फाइल प्रकार) फाइलच्या हेडरमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत असतो, पण तिथेही दोन नोंदी आहेत आणि घोळ नेमका त्यांच्यातच होतो. ‘पिक्सेल स्पेसिंग’मध्ये पहिला आकडा ओळींमधल्या अंतराचा म्हणजे उभा आणि दुसरा स्तंभांमधल्या अंतराचा, दोन्ही वेगळे असतील तर आडवं-उभं आधी वेगवेगळं गुणून मगच कर्ण काढायचा. ‘इमेजर पिक्सेल स्पेसिंग’ हे मात्र डिटेक्टरच्या पृष्ठावरचं माप असतं, आणि एक्सरेचे किरण फाकत जात असल्यामुळे शरीरातलं हाड डिटेक्टरवर मोठं पडतं, म्हणजे हा आकडा तसाच वापरला तर माप फुगलेलं येणार. खुब्याच्या ऑपरेशनआधी म्हणून हाडाच्या पातळीवर माहीत व्यासाचा गोळा ठेवून एक्सरे काढतात, २५ मिमीचा गोळा बऱ्याच ठिकाणी चालतो. सोनोग्राफीत स्केल ध्वनीच्या वेगावर बसवलेलं असतं, सेकंदाला १५४० मीटर हा वेग सगळ्या मऊ ऊतींना सरसकट धरलेला.

साध्या फोटोत सगळ्यात जास्त फसवतं ते पातळीचं प्रकरण. पट्टी टेबलावर, कॅमेरा तिच्यापासून ५०० मिमी वर, आणि मोजायची कडा पट्टीपेक्षा १० मिमी उंच असेल तर ती कडा ५००/४९० पट, म्हणजे सुमारे २ टक्के मोठी दिसते आणि कितीही जपून क्लिक केलं तरी हे जात नाही. वस्तू १० अंश कलली असेल तर कलाच्या दिशेतली लांबी साधारण १.५ टक्के आखूड. लेन्समुळे येणारा बाक वेगळाच, त्यासाठी चौकटींचा बोर्ड वेगवेगळ्या कोनांतून टिपून केलेलं कॅलिब्रेशन (झेंगयू झांग, २०००) आता रूढ आहे. फॉरेन्सिक फोटोत काटकोनी पट्टीवर वर्तुळं छापलेली असतात, वर्तुळ लंबगोल दिसलं की कॅमेरा तिरका होता हे लगेच कळतं.

बिंदू ठेवणं

समजा प्रत्येक क्लिक प्रत्येक दिशेत १ पिक्सेलच्या प्रमाण विचलनाने (सरासरीपासून साधारण किती सरकतो त्याचं माप) इकडेतिकडे होतो. मग दोन क्लिकमधल्या अंतराचं विचलन साधारण १.४ पिक्सेल येतं, अंतर छोटं असो की मोठं. ५०० पिक्सेलच्या स्केल बारवर ही चूक ०.३ टक्क्यापेक्षा कमी पडते, ४० पिक्सेलच्या पेशीवर साडेतीन टक्के. म्हणून कॅलिब्रेशनची रेघ लांबात लांब घ्यायची, कारण तिथली चूक पुढच्या प्रत्येक मापात त्याच प्रमाणात उतरते आणि सरासरी काढून निघत नाही. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की फार छोट्या अंतरांवर ही इकडेतिकडे होणारी चूकही एकाच बाजूला झुकते, रेघेला आडवं कुठेही सरकलं तरी लांबी वाढतेच, त्यामुळे ५ पिक्सेलचं अंतर सरासरी ४ टक्के जास्त येतं.

झूम करून उपयोग एका मर्यादेपर्यंतच. हिरव्या प्रकाशात (५५० नॅनोमीटर) १.४ न्युमेरिकल अॅपर्चरच्या (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेतं त्याचा आकडा) ऑब्जेक्टिव्हने, भिंगाची मर्यादा सांगणाऱ्या अॅबेच्या सूत्राप्रमाणे सुमारे ०.२ मायक्रॉनच्या खालचं वेगळं दिसत नाही, आणि १००× ला ६.५ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा असेल तर एक पिक्सेल ०.०६५ मायक्रॉनचा, म्हणजे कडच तीनेक पिक्सेलभर पसरलेली. सॉफ्टवेअर मात्र तीन दशांश छापून मोकळं होतं.

कड कुठे मानायची हा प्रश्न शेवटी संकेताने सुटतो. गर्भाच्या मानेमागची पारदर्शक पट्टी (एनटी) मोजताना कॅलिपरच्या (स्क्रीनवरच्या मापाच्या खुणांच्या) आडव्या रेघा कडेच्या पांढऱ्या रेषांवरच ठेवायच्या असा नियम आहे, आतबाहेर झालं की मिलिमीटरच्या दशांशाने निकाल बदलतो. दंतवैद्यकातल्या सेफॅलोमेट्रीत, म्हणजे डोक्याच्या एक्सरेवरून मापं घेण्यात (ब्रॉडबेंट आणि होफ्राथ यांनी, दोघांनीही १९३१ मध्ये, मांडलेल्या) तर कवटीवरच्या बिंदूंची नावंच ठरलेली, सेला, नेझिऑन वगैरे. बाउमरिंड आणि फ्रँट्झ यांनी १९७१ मध्ये दाखवलं की प्रत्येक बिंदूची चूक आपल्या ठरावीक दिशेत पसरते, कारण वळणदार हाडावरचा बिंदू वळणाच्या बाजूने घसरतो पण आडवा फारसा हलत नाही. या क्षेत्रात पुनर्मापनाची चूक डालबर्गच्या १९४० च्या सूत्राने देतात, म्हणजे दोन वेळच्या मापांमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज भागिले २न, आणि त्याचं वर्गमूळ (न म्हणजे दोनदा मोजलेल्या नमुन्यांची संख्या). सूत्र सोपं आहे, पण दोन्ही वेळेला माणूस सारखाच चुकला तर त्याला पत्ता लागत नाही, त्यामुळे दुसऱ्या माणसाकडून, आधीचे आकडे न दाखवता, मोजून घेणं बरं.

फुटबॉलमधला व्हीएआरचा (व्हिडिओ बघून पंचांना मदत करणाऱ्या यंत्रणेचा) ऑफसाइड हाही याचाच प्रकार, २०२२ च्या कतार वर्ल्ड कपला अर्धस्वयंचलित यंत्रणा येण्याआधी खेळाडूचा खांदा की गुडघा पुढे हे ऑपरेटरच क्रॉसहेअर ठेवून ठरवायचा. वाद रेघेच्या जाडीवर व्हायचा, पण सेकंदाला ५० फ्रेम असतील आणि दोन खेळाडू विरुद्ध दिशांना सेकंदाला ५-५ मीटरने पळत असतील तर एका फ्रेमची चूकच २० सेंटिमीटरची.

इतर प्रकार

वाकडी लांबी अनेक क्लिकची तुटक रेघ ओढून मोजतात, बिंदू कमी घेतले की ती आखूड येते. समुद्रातले मोठे मासे मोजायला माहीत अंतरावरचे दोन समांतर लेसर कॅमेऱ्याला लावतात, दोन ठिपके माशाच्याच अंगावर पडत असल्याने पातळीचा प्रश्न बराचसा सुटतो, मासा मात्र कॅमेऱ्याला आडवा असावा लागतो. त्रिमितीत मोजायचं तर दोन कॅमेऱ्यांची जोडी आणि दोन्ही इमेजवर तोच बिंदू निवडणं आलं.