एकट्याची तक्रार आणि सगळ्यांचं भांडण: कामगार कायद्याच्या अभ्यासामागचा इतिहास

ठाणे आणि नवी मुंबईतल्या विधी महाविद्यालयांत कामगार कायदा सहसा दोन भागांत शिकवला जातो. एका भागात युनियन, संप, टाळेबंदी, समेट. दुसऱ्यात पगार, पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, अपघाताची भरपाई. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत या विषयाचे दोन पेपर सक्तीचे आहेत, त्यामुळे ही विभागणी सोयीचीही पडते. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत एचआरची नोकरी करायची असलेला विद्यार्थी दुसरा भाग मन लावून वाचतो आणि पहिला पास होण्यापुरता. मला हे खटकतं, कारण हे दोन भाग एकमेकांतूनच घडत आले आहेत.

सुरुवातीला कायद्याला एकटा कामगारच दिसत होता, तोही आरोपी म्हणून. 1859 च्या कायद्यानुसार उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला किंवा कारागिराला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत असे. हा कायदा 1925 मध्ये रद्द झाला आणि लगेच पुढच्या वर्षी ट्रेड युनियन कायदा आला. त्याआधी मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलने युनियनच्या पुढाऱ्यांवर दावा लावून हायकोर्टातून मनाई हुकूम मिळवला होता. कामगारांना एकत्र करणं हाच गुन्हा ठरू लागला होता. आपल्या रायगडमधल्या गोरेगावचे ना. म. जोशी यांनी 1921 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात युनियनला संरक्षण देण्याचा ठराव मांडला. प्रत्यक्ष कायदा व्हायला पाच वर्षं लागली.

पुढे 1947 चा औद्योगिक विवाद कायदा आला. कोर्टात सगळे त्याला ‘आयडी अ‍ॅक्ट’च म्हणतात. त्याचा सगळा भर सामूहिक वादावर होता. एका कामगाराला कामावरून काढलं, तर तेवढ्याने औद्योगिक विवाद होत नसे. युनियनने किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी त्याचा प्रश्न उचलून धरावा लागे. ज्याच्यामागे कोणी उभं राहिलं नाही, त्याला या कायद्याचा दरवाजा बंद. 1965 मध्ये कलम 2-अ घातलं गेलं आणि बडतर्फ झालेल्या एकट्या कामगाराचा वादही औद्योगिक विवाद मानला जाऊ लागला.

महाराष्ट्राने आणखी दोन पावलं टाकली, आणि आपल्या भागाला ती जास्त जवळची आहेत. 1969 च्या माथाडी कायद्याने एकाच मालकाकडे कायम नसलेल्या हमालांना माथाडी मंडळाखाली आणलं. तुर्भ्याच्या बाजारातला माथाडी रोज वेगवेगळ्या गाळ्यांवर ओझं वाहतो, पण त्याची मजुरी आणि लेव्ही (मालकांनी मजुरीवर भरायची जादा रक्कम) मंडळाकडे जमा होते. नेहमीच्या मालक-नोकर चौकटीत न बसणाऱ्या माणसासाठी इतका विचारपूर्वक केलेला कायदा क्वचितच सापडेल.

दुसरा 1971 चा, युनियनच्या मान्यतेचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा कायदा, ज्याला वकील ‘एमआरटीयू-पल्प’ म्हणतात. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांनी भरत गेला, आणि एकेका कारखान्यात दोन-तीन युनियन असल्या तर बोलणी कोणाशी करायची, हा प्रश्न उभा राहिला. किमान 30 टक्के सदस्य असलेल्या युनियनला या कायद्याने मान्यतेचा मार्ग दिला. त्याचं चौथं परिशिष्ट, म्हणजे मालकांच्या अनुचित प्रथांची यादी, मात्र विद्यार्थ्याने बोट ठेवून वाचावं. त्यातली पहिली बाब सूडबुद्धीने कामावरून काढण्याची. ती तक्रार कामगार स्वतः करू शकतो. सहावी बाब वर्षानुवर्षं बदली कामगार (दुसऱ्याच्या जागी घेतलेला) किंवा टेम्पररी म्हणून ठेवून कायम न करण्याची. तिथे कलम 21 आडवं येतं: मान्यताप्राप्त युनियन असेल, तर ही तक्रार तिच्यामार्फतच चालते. म्हणजे ‘मला पर्मनंट करा’ ही अगदी वैयक्तिक वाटणारी मागणीसुद्धा युनियनच्या हातात. हे कलम योग्य की अयोग्य, यावर वर्गात तासभर वाद व्हायला हवा.

21 नोव्हेंबर 2025 पासून 29 केंद्रीय कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. कलम 2-अ चा आशय आता औद्योगिक विवादाच्या व्याख्येतच आहे, आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. सामूहिक बाजूला मात्र अटी वाढल्या. एकाहून अधिक युनियन असतील, तर एकटीने बोलणी करण्यासाठी 51 टक्के कामगारांचा पाठिंबा हवा. सगळ्याच उद्योगांत संपाआधी 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते. छाटणीसाठी सरकारची परवानगी आता 300 कामगारांपासून पुढे लागते, पूर्वी ती 100 पासून लागत असे.

त्या 29 कायद्यांच्या यादीत राज्याचा 1971 चा कायदा नाही. त्यामुळे ठाण्याच्या औद्योगिक न्यायालयात वकिली करू पाहणाऱ्याला 30 टक्के आणि 51 टक्के, दोन्ही हिशेब शेजारी मांडूनच वाचावे लागणार आहेत.