दात कोन खाते जी?

भंडाऱ्याकडच्या आमच्या आठवडी बाजारात रोहू-कतल्याच्या ढिगाला लागून हल्ली एक चपटा, गोलसर मासा मांडलेला असतो. 'पापलेट घ्या नं जी.' मी त्याचा ओठ बोटाने वर केला. आत माणसाच्या दाढांसारखे रुंद दात!

'हे पापलेट होय?'

'पापलेटच होय. दात कोन खाते जी?'

हा रूपचंद. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला, पिरान्याचा भाऊबंद. पण त्या दाढा आहेत फळं आणि टणक बिया फोडायला. पुरात रान बुडालं की झाडांवरून पाण्यात पडतात त्या. आपल्याकडे त्याला तळ्यांत पाळतात.

समुद्रातल्या चंदेरी पापलेटचं तोंड अगदी इवलंसं. त्याचं खरं दळण घशामागे चालतं. तिथे आतून काटेरी असलेली एक पिशवी असते. जेलीफिश, बारीक तरंगते जीव त्यात चिरडले जातात. २०२३मध्ये हाच मासा महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. घोषणा करणारे तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री सुधीर मुनगंटीवार चंद्रपूरचे, म्हणजे समुद्रापासून आमच्याइतकेच लांब!

किनाऱ्यावर तरी नाव सरळ आहे का? तिथे काळं पापलेट म्हणजे हलवा, आणि त्याचं कूळ वेगळं. शेपटीच्या मुळाशी कडेने बोट फिरवा, खरबरीत धार लागते. युरोपात अटलांटिकमधल्या तिसऱ्याच कुळातल्या माशाला इंग्रजीत पापलेटचंच नाव आहे. रूपचंद धरला तर आडनाव एक, गोत्रं चार. जुळतो तो फक्त चपटा, ताटभर आकार, आणि गिऱ्हाईक बघतं तेवढंच.

रूपचंदची खरी सोयरीक मात्र आमच्या मामा तलावांतल्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावांतल्या माशांशी निघते. रोहू, कतला आणि रूपचंद, तिघांतही पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पाण्यातला आवाज पिशवीवर आदळतो आणि हाडं तो कानाला पोचवतात. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२०मध्ये तिचं वर्णन केलं. पापलेटला ही साखळी नाही.

हाडं काही बाजारात दिसत नाहीत. पाठीवर, शेपटीच्या अलीकडे बघा. रूपचंदला तिथे काटे नसलेला छोटा मांसल पर असतो, पापलेटला नसतो. मी तो दाखवेपर्यंत बाईने मासा कापायलाही घेतला होता. पहिल्याच घावात तो पर उडाला.