पार्श्वभूमी : एकट्याच्या दरोड्याला १४४ मिनिटांची खीळ

जीटीए ऑनलाइन या दरोडे आणि धंदे करून खोटे डॉलर कमावायच्या व्हिडिओ गेममधल्या कमाईवरून मुंबईतल्या खेळाडूंचे आजही वाद होतात. ते बहुतेक वेळा जुलै २०२२च्या एका बदलापाशी येऊन अडतात. कायो पेरिको बेटावरचा दरोडा एकट्याने उरकला, तर पुढचा सुरू करायला १४४ मिनिटे थांबायचे, असे तेव्हा ठरले. दोघे किंवा जास्त असतील तर ४८ मिनिटे. खेळातला दिवस आपल्या ४८ मिनिटांचा असतो. म्हणजे सोबतीला कोणी असेल त्याने एक दिवस थांबायचे आणि एकट्याने तीन.

हा फरक का झोंबला, हे कळायला त्याआधीची वर्षे पाहावी लागतात. ऑक्टोबर २०१३मध्ये सर्व्हर कोसळले, अनेकांची पात्रे पुसली गेली आणि भरपाई म्हणून खेळातले ५ लाख डॉलर मिळाले. मार्च २०१५मध्ये मोठे दरोडे आले, पण त्यातल्या बहुतेकांना बरोबर चार माणसे लागत. पावसाळ्यात एकाचे नेट गेले की चौघांची मेहनत पाण्यात. मग गोदामे, बंकर, नाइटक्लब असे धंदे आले. तिथला माल मात्र सार्वजनिक लॉबीतच, म्हणजे अनोळखी खेळाडूही असतात तिथेच, विकावा लागे आणि तासन् तास जमवलेला ट्रक ‘ओप्रेसर मार्क २’ या उडत्या दुचाकीवरून आलेला कोणीही एका क्षेपणास्त्रात उडवून देई.

मे २०२०मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेले असताना, एका ऑनलाइन दुकानाने हा खेळ आठवडाभर फुकट वाटला, वर खेळातले १० लाख डॉलर दिले. लॅमिंग्टन रोडवरून कधीकाळी आणलेल्या जुन्या ग्राफिक्स कार्डांवर नवे खेळाडू बसले. आणि डिसेंबरमध्ये कायो पेरिको आला : पूर्वतयारीपासून शेवटापर्यंत एकट्याने करता येणारा पहिला मोठा दरोडा. त्यासाठी खेळातल्या किमान २२ लाख डॉलरांची पाणबुडी घ्यावी लागे. पण मुख्य ऐवज म्हणून गुलाबी हिरा लागला तर त्याचेच १३ लाख. शेवटी १० टक्के माल खपवणाऱ्याचे आणि २ टक्के पाणबुडीवरच्या पावेल या पात्राचे कापले, तरी दोन फेऱ्यांत पाणबुडी वसूल होई.

इथे पहिल्यांदा कमाई खेळाडूच्या स्वतःच्या हातात आली. रात्री साडेनऊला घरी पोचून, जेवून, अकराला संगणकापुढे बसणाऱ्याला चार मित्र जुळवता येत नाहीत. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याचे बाळ लहान, तिसऱ्याला सकाळची ६:४०ची लोकल. त्याच्यासाठी १४४ मिनिटे म्हणजे त्या रात्रीचा खेळ संपला.

समतोल साधण्यासाठी हे केले, असे कारण खेळ बनवणाऱ्यांकडून दिले गेले. त्यात तथ्य आहे, कारण बाकीचे धंदे ओस पडले होते. त्याच बदलात माल खासगी लॉबीत, म्हणजे अनोळखी कोणी येऊ शकत नाही तिथे, विकायची मुभा मिळाली, इतर मोहिमांचा मोबदला वाढला, त्या उडत्या दुचाकीची क्षेपणास्त्रेही मवाळ झाली. खासगी लॉबी ही तर वर्षानुवर्षांची मागणी होती आणि ती मिळाली याचा आनंद खराच. तरीही तोच दरोडा, तीच मेहनत, आणि सोबत कोणी नाही म्हणून तिप्पट थांबणे, हा न्याय पटत नाही. बाकी दुकानांचा माल खपेना म्हणून एकट्या फेरीवाल्याची वेळ कापावी, तसे ते झाले. खऱ्या पैशांनी शार्क कार्ड, म्हणजे खेळातले डॉलर, विकत घेणाऱ्याला मात्र एक मिनिटही थांबावे लागत नाही.

मार्च २०२४मध्ये कोंबड्यांच्या फार्मवरची मोहीम आली. तिला आधी काहीही विकत घ्यावे लागत नाही, एकट्याने करता येते आणि शेवटी ५ लाख मिळतात. नव्याने येणाऱ्याला जुने खेळाडू आता आधी तिकडेच पाठवतात आणि पाणबुडीचे नंतर बघ म्हणतात.