बिनपगारी ड्रायव्हर, बिनपगारी गार्ड : वाफेच्या गाड्या लोकांनी चालवायला घेतल्या त्याची गोष्ट

मुंबईत वाफेच्या इंजिनाचा विषय निघाला की 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी येते, नाहीतर माथेरानची राणी, आणि दोन्ही ठिकाणी आपण बघणारे असतो, फार तर तिकीट काढून बसणारे. ब्रिटनमध्ये मात्र शंभराहून जास्त जुन्या लाईन आहेत, बऱ्याचशा खेड्यापाड्यात, आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी रूळ बदलणारे, बॉयलर पेटवणारे, फाटक सांभाळणारे लोक हौसेने फुकट काम करतात. हे सुरू कसं झालं हे मला महत्त्वाचं वाटतं कारण त्यात इंजिनावरच्या प्रेमाइतकाच भाग मालकीचा आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही.

प्रेम तर आधीपासून होतंच की. आपल्या बार्शी लाईट रेल्वेचंच बघा, 1897 ला सुरू झालेली, अडीच फूट गेजची (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट), एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरने उभी केलेली, पुढे पंढरपूरला वारकरी नेणारी. याच माणसाने नंतर इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच छोटी रेल्वे बांधायला मदत केली, तिची इंजिनं बार्शीच्या इंजिनांवरून बेतलेली होती. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं डिझाईन इंग्लंडच्या दरीत गेलं! ती 1904 ला सुरू झाली आणि 1934 ला बंद. लोकांना हळहळ वाटली असणारच पण रूळ उचलले गेले, इंजिनं भंगारात गेली, तिथे आता पायवाट आहे. प्रवाशांनी स्वतःच रेल्वे चालवायची, ही कल्पना तेव्हा कोणाच्या हातात आलेलीच नव्हती.

ती आली वेल्समध्ये, टॅलिलिन रेल्वेवर. 1865 ला ही लाईन बांधली ती ब्रिन एग्लुइसच्या खाणीतला पाटीचा दगड समुद्राकाठच्या टाउइन गावापर्यंत आणायला, कारण त्या दगडाची तिकडे घरांवर छपरं घालतात. गेज सव्वादोन फूट, लांबी साधारण सात मैल, सुरुवातीची इंजिनं दोनच, टॅलिलिन आणि डोलगोख. 1911 मध्ये खाण आणि रेल्वे दोन्ही सर हेन्री हेडन जोन्स या तिथल्या खासदाराने घेतलं आणि त्याने शब्द दिला होता की मी जिवंत असेपर्यंत गाडी चालेल. खाण 1946 च्या शेवटी दरड कोसळून बंद पडली, रेल्वेचं कमाईचं साधनच गेलं, तरी याने शब्द पाळला आणि पदरचे पैसे घालून उन्हाळ्यात गाडी चालू ठेवली. मला या सगळ्या इतिहासात हा माणूस फार मोठा वाटतो, पुढे आलेल्या हौशी लोकांपेक्षाही थोडा जास्तच.

आता खरा मुद्दा. 1948 ला ब्रिटनने रेल्वे सरकारी केल्या तेव्हा टॅलिलिन त्या यादीतून बाहेर राहिली. शेजारची कॉरिस रेल्वे सरकारी झाली आणि त्याच वर्षी बंद पडली. टॅलिलिन खाजगी राहिली म्हणून तिच्याबद्दल कोणाशी तरी बोलणी करणं शक्य होतं. 2 जुलै 1950 ला सर हेडन वारले, आणि 11 ऑक्टोबरला बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात टॉम रोल्ट हा लेखक वगैरे मंडळींनी सभा बोलावली, त्यातून ही रेल्वे वाचवणारी संस्था उभी राहिली. हेडन यांच्या पत्नीने आपले शेअर एका नव्या कंपनीकडे दिले ज्यात त्यांचे आणि संस्थेचे असे दोन्हीकडचे लोक होते. हा कागद झाला म्हणून बाकी सगळं झालं.

14 मे 1951 ला नव्या लोकांची पहिली गाडी सुटली. हौशी लोकांनी चालवायला घेतलेली जगातली पहिली रेल्वे हीच. पण रूळ इतके गेलेले होते की सुरुवातीला पूर्ण मार्गावर जाताच येत नव्हतं, स्लीपर कुजलेले, ठिकठिकाणी गवतानेच रूळ धरून ठेवलेले, आणि चालू स्थितीत इंजिन एकच, डोलगोख. बंद पडलेल्या कॉरिसचं गेजही सव्वादोन फूटच, म्हणून तिथली दोन इंजिनं सरकारी रेल्वेकडून प्रत्येकी 25 पौंडांना घेतली, तर त्यातलं एक रूळ फाकल्यामुळे सारखं खाली उतरायचं. दुसरं हनस्लेट या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने फुकट दुरुस्त करून दिलं. रोल्ट पहिली दोन वर्षं मॅनेजर होता. सुट्टीत आलेले लोक इंजिनावर चढायला मिळेल म्हणून यायचे आणि हातात फावडं यायचं, खडी, गटारं, झुडपं तोडणं. तरी येत राहिले. आजही अशा रेल्वेवर बहुतेक जण आधी इंजिन पुसायला लागतात, मग फायरमन, आणि ड्रायव्हर व्हायला वर्षं जातात, परीक्षा द्याव्या लागतात. मला हे फार आवडतं.

पुढे वाट रुंद झाली. ससेक्समधली ब्लूबेल रेल्वे 1960 ला सुरू झाली, ती मोठ्या गेजची. तोट्यातल्या लाईन बंद करा असं सांगणाऱ्या 1963 च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैल लाईन बंद होत गेल्या, ऑगस्ट 1968 ला सरकारी रेल्वेवरची वाफ संपली, आणि वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगारवाल्याकडे इंजिनांच्या रांगा लागल्या. त्याने आधी मालगाडीचे डबे तोडायला घेतले, इंजिनं मागे ठेवली, म्हणून तिथे आलेल्या 297 पैकी 213 इंजिनं लोकांनी वर्गणी काढून सोडवून नेली. टॅलिलिनचं म्हणाल तर 2021 मध्ये ती वेल्सच्या पाटीदगडाच्या प्रदेशाचा भाग म्हणून युनेस्कोच्या यादीत गेली.

आणि आपल्याकडे? माथेरानची लाईनसुद्धा 1907 ला पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधलेली, पण नंतर सरकारी झाली. बार्शी 1954 ला सरकारने घेतली. रेल्वे सगळी सरकारची, त्यामुळे चार हौशी लोकांनी एकत्र येऊन बोलणी करायची तरी कोणाशी? याला एक अपवाद म्हणजे विदर्भातली शकुंतला. यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूर, अडीच फूट गेज, कापूस वाहायला बांधलेली, आणि टॅलिलिनसारखीच राष्ट्रीयीकरणातून सुटलेली, मालकी मुंबईच्या किलिक निक्सनशी जोडलेल्या कंपनीकडे राहिली, गाडी चालवायची मात्र सरकारी रेल्वे. मँचेस्टरमध्ये 1921 ला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत ओढत होतं, नंतर डिझेल आलं, मग गाडीच बंद पडली. ती परत सुरू व्हावी म्हणून तिथल्या लोकांनी आंदोलनं केली, आणि त्यांची मागणी रोजच्या प्रवासाची आहे, ती आधी पुरी व्हायला हवी, ब्रॉडगेज होणार असेल तर व्हावंच. पण ते करताना नॅरो गेजचा एखादा तुकडा रुळांसकट ठेवून तो स्थानिक संस्थेला रीतसर करार करून द्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण टॅलिलिनलाही लोक नंतर मिळाले, आधी तो शेअरचा कागद हातात आला होता.