अतिनिम्न वारंवारतेची विद्युतचुंबकीय क्षेत्रे व मानवी पेशी

सामान्यतः ३०० हर्ट्झपर्यंतच्या (काही ग्रंथांत ३,००० हर्ट्झपर्यंतच्या) वारंवारतेची विद्युतचुंबकीय क्षेत्रे अतिनिम्न वारंवारतेची मानली जातात. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ही क्षेत्रे मानवी पेशींवर परिणाम करतात का, हा प्रश्न व्यवहारात वीजवाहिन्या, रोहित्रे व मोटारी यांच्याभोवतीच्या क्षेत्रांचा आहे. या वारंवारतेची तरंगलांबी ६,००० किमी. असते, त्यामुळे विद्युत क्षेत्र व चुंबकीय क्षेत्र यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो. रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा या क्षेत्रांत नसते, हे सर्वमान्य आहे. बाह्य विद्युत क्षेत्र घराच्या भिंती, झाडे व मानवी त्वचा यांनी बरेचसे अडते. चुंबकीय क्षेत्र मात्र शरीरातून जवळजवळ जसेच्या तसे पार होते व ऊतकांत दुर्बल विद्युत क्षेत्र प्रवर्तित करते.

तीव्र क्षेत्रांचे परिणाम निर्विवाद आहेत. काही मिलिटेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात डोळ्यांपुढे प्रकाशाचे लुकलुकणे दिसते. हे बहुधा प्रथम द'आर्सोनव्हाल यांनी १८९६ मध्ये नोंदविले. काही लेखक श्रेय सिल्व्हेनस टॉम्पसन यांच्या १९१० च्या प्रयोगांना देतात. याची संवेदनशीलता २० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते.

वाद आहे तो दुर्बल क्षेत्रांबाबत. पेशीपटल (पेशीचे पातळ वेष्टन) ५ ते १० नॅनोमीटर जाड असून चेतापेशीत त्याच्या दोन बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्ट विभवांतर असते. म्हणजे पटलाच्या आत मीटरला सुमारे १ कोटी व्होल्टचे क्षेत्र नैसर्गिकपणेच नांदत असते. याउलट १०० मायक्रोटेस्लाचे ५० हर्ट्झ क्षेत्र शरीरात मीटरला काही मिलिव्होल्ट एवढेच क्षेत्र निर्माण करते. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या पेशीच्या पटलावर त्यामुळे पडणारी भर मायक्रोव्होल्टच्या विसाव्या भागाच्या घरातली. तर रेणूंच्या उष्मीय हालचालीने पटलाच्या विभवात होणारे चढउतार १० ते ३० मायक्रोव्होल्टचे असतात. बाजाराच्या गलक्यात कुजबुज ऐकू यावी कशी, हा विव्हर व ॲस्टुमिअन (१९९०) आणि अडेअर (१९९१) यांच्या विवेचनाचा गाभा. विव्हर व ॲस्टुमिअन यांनी मात्र पेशी दीर्घकाळ सरासरी काढू शकत असेल, तर बरेच दुर्बल क्षेत्रही जाणवू शकेल, अशी वाट मोकळी ठेवली आहे.

दुर्बल क्षेत्र तरीही कसे जाणवेल, यासाठी लिबॉफ यांनी १९८५ मध्ये आयन-सायक्लोट्रॉन अनुस्पंदनाची कल्पना मांडली: स्थिर चुंबकीय क्षेत्रात आयन (विद्युतभारित अणू) ठरावीक वारंवारतेने गोल फिरतो, व बाह्य क्षेत्राची वारंवारता तिच्याशी जुळली तर तो त्यातून ऊर्जा घेतो. पृथ्वीच्या सुमारे ४५ मायक्रोटेस्ला क्षेत्रात कॅल्शियम आयनाची ही वारंवारता ३४ हर्ट्झच्या जवळपास येते, म्हणून ती आकर्षक वाटली. परंतु शरीराच्या तापमानाला मोकळ्या कॅल्शियम आयनाची कक्षा सुमारे २ मीटर त्रिज्येची होईल, ती पेशीत मावणार कशी? शिवाय पाण्यातील टकरींमुळे आयनाला एक फेरीही पुरी करता येत नाही. सध्या मुक्त मूलकांच्या (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंच्या) जोड्यांच्या रासायनिक विक्रियांवर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो, हा सिद्धांत अधिक ग्राह्य मानला जातो. पक्ष्यांच्या दिशाज्ञानाच्या संदर्भात त्याला बळ मिळाले आहे. मात्र पृथ्वीच्या क्षेत्राहून पुष्कळच दुर्बल क्षेत्रांना तो कितपत लागू पडेल, याविषयी मतभेद आहेत.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. व्हिएन्नाच्या गटाने २००२ च्या सुमारास मानवी तंतुपेशींवर (संयोजी ऊतकातील पेशींवर) ५ मिनिटे चालू व १० मिनिटे बंद असे १ मिलिटेस्लापर्यंतचे क्षेत्र लावून डीएनएचे धागे तुटल्याचे नोंदविले. लसिकापेशींत (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींत) मात्र तसे दिसले नाही. २००५ मधील एका पडताळणीत तंतुपेशींतही परिणाम आढळला नाही. प्रस्तुत लेखकास पडताळणीचा निष्कर्ष अधिक विश्वसनीय वाटतो.

वर्थायमर व लीपर (१९७९) यांनी डेन्व्हरमध्ये वीजतारा व बालकांचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. २००० मधील एकत्रित विश्लेषणांत ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक सरासरी क्षेत्रात राहणाऱ्या बालकांत ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) धोका सुमारे दीड ते दुप्पट दिसला. मात्र अशी बालके फार थोडी होती. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये या चुंबकीय क्षेत्रांना ‘संभाव्य कर्करोगकारक’ (गट २ ब) ठरविले. अनायनीकारक प्रारणविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाची जनसामान्यांसाठीची संदर्भ-पातळी (सुरक्षिततेसाठी सुचविलेली क्षेत्राची मर्यादा) १९९८ मध्ये १०० मायक्रोटेस्ला होती. २०१० मध्ये ती २०० झाली.

विदर्भात कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, पारस व तिरोडा येथील औष्णिक केंद्रांमुळे अतिउच्चदाब वाहिन्यांचे जाळे दाट आहे. गावकरी सगळ्यांनाच ‘टावर लाइन’ म्हणतात. पण चंद्रपूर–पडघे वाहिनी (±५०० किलोव्होल्ट) एकदिश प्रवाहाची (डीसी) असल्याने तिचे क्षेत्र स्थिर असते व प्रस्तुत नोंदीच्या कक्षेत येत नाही. लाइनखालच्या वावरात लाकडी खुंटांवरच्या तारेच्या कुंपणाला हात लावला की झिणझिण्या येतात, ट्यूबलाइट हातात धरली तर मंद पेटते. हा विद्युत क्षेत्राने साठलेल्या प्रभाराचा खेळ. कुंपणाची तार जमिनीत पुरलेल्या सळईला जोडली की झिणझिण्या थांबतात. रानडुकरे व रोही हाकलण्यासाठी लावलेल्या झटका मशीनशी त्याचा संबंध नाही. पेशींवरील परिणामांच्या चर्चेत या झिणझिण्या व झटका मशीन या दोन्ही गोष्टी वारंवार मिसळल्या जातात. वाहिनीखालच्या मार्गाची रुंदी (४०० किलोव्होल्टला ४६ मी., ७६५ किलोव्होल्टच्या दुहेरी वाहिनीला ६७ मी.) प्रामुख्याने तारांचे झुलणे व विद्युत सुरक्षा यांवरून ठरते, पेशीविज्ञानावरून नव्हे, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन तिच्याखाली पेरलेले असतेच.